माणसांनी रचलेली टेकडी

पोलंडमधल्या क्राकुव्ह शहराच्या पश्चिमेला एक टेकडी आहे. हिरवीगार, शंकूच्या आकाराची, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत गोल वळत गेलेली पायवाट. संध्याकाळी शहरातली माणसं ती चढायला येतात. ही टेकडी १८२० ते १८२३ या काळात माणसांनी रचली आहे. उंची ३४ मीटर. तादेउश कोश्चुश्को हा पोलंडचा सेनापती. तो गेल्यावर लोकांनी त्याच्या नावाने माती वाहिली आणि ज्या रणांगणांवर तो लढला तिथलीही माती आणून तिच्यात घातली.

माझी हयात बांधकामावर ओव्हरसिअर म्हणून गेली. त्यामुळे टेकडी चढताना जावई देशभक्तीचं सांगत होता आणि माझ्या डोक्यात ब्रास मोजणं चाललं होतं. एवढ्या भरावाला पायथा किती रुंद घेतला असेल, थर किती जाडीचा टाकला असेल, रोलर नसताना दाबला कशाने असेल, आणि दोनशे वर्षांच्या पावसात उतार टिकला कसा? शेवटच्या शंकेचं उत्तर मिळालं. तो नेहमीच टिकला नाही. १९९७च्या अतिवृष्टीत टेकडी खचली आणि मोठी दुरुस्ती करावी लागली. मला उगाचच बरं वाटलं. मातीचे नियम तिथेही तेच.

क्राकुव्हच्या भोवती अशा रचलेल्या मोठ्या टेकड्या चार आहेत. त्यातल्या दोन इतक्या जुन्या की क्राक नावाचा दंतकथेतला राजा आणि त्याची मुलगी वांदा यांच्या नावांवर त्या खपतात. सगळ्यात तरुण आहे ती १९३०च्या दशकातली, पिउसुद्स्की या पोलिश नेत्याच्या नावाची.

मी राहतो कासार आंबोलीत. पिरंगुट मागे टाकून पौडच्या दिशेला निघालं की लगेच आमचं गाव लागतं. मुळशी तालुक्यात कुठल्याही घराच्या कुठल्याही खिडकीतून एखादा डोंगर दिसतोच, म्हणून आम्हाला त्यांचं कौतुक नाही. बंगल्यांचे प्लॉट पाडायला जेसीबी लावून टेकड्याच्या टेकड्या सपाट केलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि तिकडे एका शहराने खपून एक टेकडी वाढवली होती.

वर उभं राहिलं की कारण कळतं. दक्षिणेची किनार सोडली तर पोलंड सपाट आहे. पश्चिमेला जर्मनी, पूर्वेला रशिया, आणि मध्ये घाट नाही, खिंड नाही, कडा नाही. ज्याला यायचं त्याने यावं. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन हप्त्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने हा देश वाटून घेतला. मराठ्यांनी खर्ड्याला निजामाचा पराभव केला त्याच वर्षी पोलंड नकाशावरून गेला, तो १९१८मध्ये परत आला. मधली १२३ वर्षं या नावाचा देशच नव्हता. निसर्गाने पाठ टेकायला काही दिलं नाही, म्हणून या लोकांनी आपलं आपण रचलं. मोडलं की पुन्हा रचलं. मी जे पोलंड पाहिलं त्यात मला हेच दिसत राहिलं, त्यामुळे पुढचं सगळं त्याच चष्म्यातून आहे.

लेक-जावई हिंजवडीतल्या नोकऱ्या सोडून क्राकुव्हला गेले, म्हणून आमचा मुक्काम तिथे. क्राकुव्हचा मुख्य चौक १२५७ साली आखलेला आहे. चारी बाजू साधारण दोनशे-दोनशे मीटर, युरोपातला सगळ्यात मोठा मध्ययुगीन बाजारचौक. देवगिरीवर यादवांचं राज्य असताना इथल्या कुणीतरी दोरी धरून काटकोन मारले, आणि ते अजून शाबूत आहेत. मध्यभागी कापडबाजाराची लांबलचक इमारत, कोपऱ्यात सेंट मेरीचं विटांचं चर्च. त्याच्या उंच मनोऱ्यातून दर तासाला एक कर्णेवाला चार दिशांना तोंड करून चार वेळा तीच धून वाजवतो आणि प्रत्येक वेळी मध्येच तोडतो. तातारांची धाड आली तेव्हा इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून, असं सांगतात. कर्णेवाले अग्निशमन दलाचे कर्मचारी असतात आणि दुपारी बाराची धून देशभर रेडिओवरून ऐकवतात. धून संपल्यावर तो माणूस खिडकीतून हात हलवतो, खालचे सगळे हात हलवतात. माझी बायको तर रोज हलवायची.

चर्चमध्ये फाइट श्टोस या कारागिराने १४७७ ते १४८९ या बारा वर्षांत लिंडेनच्या लाकडात कोरलेली वेदी आहे, तेरा मीटरच्या आसपास उंच. मूर्ती माणसाहून मोठ्या, हातांवरच्या शिरा फुगलेल्या. नाझींनी ती सुटी करून न्यूरेंबर्गला नेली होती. १९४६मध्ये शोधून परत आणली आणि पुन्हा जोडली. पुन्हा जोडली हे शब्द या देशात फार ऐकू येतात.

वावेल टेकडीवरचा राजवाडा आणि कॅथेड्रल सगळे पाहतात, आम्हीही पाहिलं. कॅथेड्रलमध्ये १५२० साली ओतलेली साडेबारा टनांच्या वरची घंटा आहे आणि ती वाजवायला बारा माणसं दोऱ्या ओढतात. पण अचंबा वाटला तो राजवाड्याच्या अंगणातल्या एका भिंतीजवळ. काही मंडळी म्हणे तिथे भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभी राहतात. कारण काय, तर शंकराने पृथ्वीवर सात दगड भिरकावले, एक दिल्लीला पडला, एक रोमला, एक मक्केला, आणि एक इथे वावेलखाली. त्याची शक्ती या भिंतीतून येते. राजवाड्याच्या कारभाऱ्यांना हे अजिबात पसंत नाही आणि भिंत लोकांपासून लांब ठेवायचा त्यांचा प्रयत्न चालू असतो. शंकराचं हे पुराण मी आजवर कुठल्याही कीर्तनात ऐकलं नव्हतं. बायको म्हणाली, “अहो, भीमाशंकर सोडून तो इथे थंडीत कशाला येईल?” तरी पाठ टेकायला मिळतेय का ते तिने पाहिलंच.

क्राकुव्हहून तास-सव्वा तासावर नाझींची ऑशविट्झची छावणी आहे. अकरा लाखांच्या आसपास माणसं तिथे मारली गेली, बहुतेक सगळी ज्यू. तिथल्या विटांच्या बराकी मी पाहिल्या आणि त्यांच्या बांधकामाबद्दल मला काही लिहायचं नाही.

व्हिएलिच्काची मिठाची खाण मात्र ओव्हरसिअरने पाहावीच. तेराव्या शतकापासून खणत आलेली ही खाण १९९६मध्ये मिठासाठी बंद झाली. खोली ३२७ मीटर, नऊ मजले. पर्यटकांना त्यातले वरचेच मजले दाखवतात, तरी सुरुवातीलाच लाकडी जिन्याच्या जवळजवळ चारशे पायऱ्या गोल गोल उतराव्या लागतात. मीठ म्हणजे पांढरंशुभ्र असेल अशी माझी समजूत होती. इथलं मीठ करडं, हिरवट, आमच्या काळ्या दगडाच्या धाकट्या भावासारखं. भिंतीला जीभ लावायला वाटाड्याच सांगतो.

खणून मोकळ्या झालेल्या पोकळ्यांना लाकडाचे टेकू आहेत, घरं रचावीत तसे आडवे-उभे ओंडके एकावर एक, त्यांना पांढरा रंग. रंग उजेड परतवायला, आणि लाकूड टिकतं ते मिठामुळे. आमच्याकडे सेंटरिंगच्या बल्ल्या एका पावसाळ्यात कुजतात, इथले ओंडके मिठाने लोणच्यात घातल्यागत पिढ्यान्‌पिढ्या तसेच उभे.

जमिनीखाली १०१ मीटरवर सेंट किंगाचं प्रार्थनामंदिर आहे. त्याला हॉल म्हणणंच बरं, लांबी ५४ मीटर. फरशी मिठाची, अखंड मिठातच फरश्यांच्या रेघा कोरून काढलेल्या. जिने मिठाचे, कठडे मिठाचे, झुंबरांचे लोलक मिठाचे. भिंतीवर ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचं शिल्प मिठात कोरलेलं. आणि हे कुणा राजशिल्पीचं काम नाही. खाणीतल्याच तीन कामगारांनी हे कोरलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एकाने सुरुवात केली, मग त्याचा भाऊ, मग तिसरा, आणि काम १९६३पर्यंत चाललं. अजिंठ्याच्या कारागिरांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, यांची आहेत, एवढाच फरक. खाणीत पूर्वी घोडेही असायचे, रहाट फिरवायला आणि गाडे ओढायला. शेवटची घोडी बाश्का २००२मध्ये वर आली, म्हणजे मीठ बंद झाल्यावरही ती काही वर्षं खालीच होती.

डोंगर बघायला दक्षिणेला झाकोपानेला गेलो. तात्रा पर्वत म्हणजे पोलंडच्या वाट्याला आलेली उंचीची एकमेव खरी ठेव. शिखरं सुमारे अडीच हजार मीटरपर्यंत जातात. मोर्स्के ओको नावाचं तळं १३९५ मीटरवर आहे, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा खाली, पण भोवती उभ्या कड्यांची अशी भिंत की मान मोडते. पाणी हिरवं आणि इतकं स्वच्छ की तळाचे धोंडे मोजावेत. तिथे पोचायला आठ-नऊ किलोमीटर डांबरी रस्त्याने चालायचं, आणि सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्यावर आळंदीच्या वाटेइतकी गर्दी. तळं सुंदरच आहे. पण मी खरं सांगू? भादव्यात ताम्हिणी पाहिलेल्या माणसाने तात्राला भुलायचं ते तिथल्या घरांसाठी. गोल आडव्या ओंडक्यांची घरं, बर्फ घसरून पडावं म्हणून जमिनीकडे झुकलेली तीव्र उताराची छपरं, लाकडाच्याच चिपांचे कौल, आणि दोन ओंडक्यांमधल्या फटीत लाकडाच्या बारीक तासांची वेणी घालून ठोकलेली. दर्जा भरायला चुना नाही, सिमेंट नाही, वेणी. मी एका घराशी इतका वेळ उभा राहिलो की मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांना माझं कळेना आणि मला त्यांचं. शेवटी त्यांनी मला ओस्त्सिपेकचा तुकडा दिला, मेंढीच्या दुधाचं धुरावलेलं खारट चीज. ते खाताना दाताखाली किरकिरतं.

खाण्याचं आताच उरकतो. शाकाहारी माणसाला क्राकुव्ह आणि वॉर्सात उपाशी राहायची भीती नाही. बटाटा आणि चीज भरलेले पिएरोगी, बिटाचं लाल सार, बटाट्याची धिरडी. साम्यवादी काळापासून चालत आलेली बार म्लेच्नी नावाची स्वस्त खाणावळ गावोगाव आहे, तिथे कामगार, विद्यार्थी आणि पेन्शनर एका रांगेत ताट घेऊन उभे असतात. झुरेक हे राईचं पीठ आंबवून केलेलं सूप बायकोने चाखलं आणि म्हणाली, “आंबीलच की ही.” नेहमी त्यात अंडं आणि सॉसेज घालतात, तेवढं नको म्हणून आधी सांगावं लागतं.

क्राकुव्ह ते वॉर्सा वेगवान गाडीने अडीच तासांच्या आसपास. दोन्ही बाजूंना शेतं, विजेच्या खांबावर करकोच्यांची घरटी, मग पुन्हा शेतं. एकही बोगदा आठवत नाही. कर्जत-लोणावळ्याची सवय असलेल्या माणसाला हा प्रवास रेल्वेचा वाटतच नाही.

वॉर्साचं जुनं गाव मी आधी पाहिलं आणि त्याची हकिगत नंतर ऐकली, हे चांगलं झालं. अरुंद गल्ल्या, पिवळ्या-गुलाबी-हिरव्या दर्शनी भिंती, गिलाव्यावर ओरखडून काढलेली नक्षी, लोखंडी पाट्या, मध्ये चौक आणि चौकात ढाल-तलवार घेतलेली मत्स्यकन्या. मी म्हटलं, तीनशे वर्षं सहज झाली असतील. लेक म्हणाली, “बाबा, हे सगळं तुमच्या वयाचं आहे.”

१ ऑगस्ट १९४४ला वॉर्साच्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला आणि चिरडला गेला. त्यानंतर हिटलरच्या हुकमाने माणसं हाकलून शहर पद्धतशीर पाडलं गेलं, एकेक इमारत नंबर घालून, सुरुंग लावून, जाळून. जानेवारी १९४५मध्ये सोव्हिएत फौजा आत आल्या तेव्हा नदीच्या पश्चिमेकडचं सुमारे ८५ टक्के शहर विटांचा ढीग होतं. राजधानी दुसरीकडे हलवावी असा विचारही पुढे आला होता. लोक मात्र ढिगाऱ्यात परतू लागले होते. मग त्यांनी ठरवलं की जुनं गाव होतं तसं बांधायचं.

पण होतं कसं? अठराव्या शतकात बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकाराने राजासाठी वॉर्साचे रस्ते आणि चौक बारकाव्यांनिशी रंगवले होते. ती चित्रं वाचली होती. शिवाय युद्धापूर्वी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून जुन्या घरांची मोजमापं घेऊन नकाशे काढले होते. तेच नकाशे प्राध्यापकांनी जर्मनांच्या नाकावर टिच्चून बाहेर काढले आणि पिओत्रकुव्हच्या एका मठात लपवले. परीक्षेपुरती काढलेली ड्रॉइंग. मी नोकरीत असताना शिकाऊ पोरांची मोजणीची वही पाहून किती वेळा वैतागलो असेन, त्या वह्यांकडे आता वेगळ्या नजरेने बघतो. विटा कमी पडल्या तेव्हा देशाच्या पश्चिमेच्या पडलेल्या शहरांतून, विशेषतः व्रोत्सवाफमधून, रेल्वेने आणल्या. जुनं गाव १९५०च्या दशकात उभं राहिलं. राजवाडा तर १९७१मध्ये हाती घेतला आणि लोकवर्गणीतून १९८४पर्यंत बांधला. १९८०मध्ये युनेस्कोने हे गाव जागतिक वारशाच्या यादीत घातलं, आणि घातलं ते मुद्दाम पुनर्बांधणीसाठीच.

मला सुरुवातीला हे पटेना. नवं बांधून त्याला जुनं म्हणायचं, हा तर नाटकाचा सेट झाला. आपल्या गडांवर डागडुजीच्या नावाखाली चुन्याच्या जागी सिमेंट फासलेलं पाहिलं की माझं डोकं फिरतं. पण इथे फसवणूक कुणाचीच नाही. जागोजागी ढिगाऱ्याचे फोटो लावले आहेत, भिंतीत जुने वाचलेले दगड नव्या विटांमध्ये जसेच्या तसे बसवले आहेत, आणि जुनं कुठे संपतं ते बघणाऱ्याला दिसतं. ज्यांनी बांधलं ते स्वतः त्या गल्ल्यांतून चाललेले होते. दरसाल १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता भोंगे वाजतात आणि वॉर्सातली रहदारी मिनिटभर आहे तिथे थांबते. बसमधली माणसंही उतरून उभी राहतात.

शहराच्या मधोमध १९५५ साली बांधलेला २३७ मीटरचा सांस्कृतिक राजवाडा आहे, स्टालिनची भेट. वॉर्साकरांना तो आवडत नाही असं म्हणतात, पण पाडतही नाहीत. पाडण्याचा या गावाला कंटाळा आला असावा.

मोंते कासिनोच्या लढाईचं स्मारक बघायला चला, असा आग्रह बायकोचा होता. त्या स्मारकाजवळ एक फलक आहे, नोव्हेंबर २०१७मध्ये बसवलेला. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे पुष्पचक्र वाहिलं तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले होते. फलक वळिवड्याच्या छावणीचा आहे, त्यावर कोल्हापूरचं नाव आहे. बायकोचं माहेर हातकणंगले तालुक्यातलं. तिने त्या परक्या लिपीत कोल्हापूर हुडकून काढलं आणि जावयाला म्हणाली, “वळिवडं म्हणजे आमच्या रुकडीच्या पुढचं स्टेशन.” जणू वॉर्साहून पॅसेंजर सुटतेच आहे.

या छावणीची हकिगत अशी. १९३९मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंड गिळला. पूर्वेच्या भागातली लाखो माणसं मालगाड्यांत भरून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा या लोकांची सुटका झाली. जनरल आंदेर्सने त्यांच्यातून फौज उभारली आणि १९४२मध्ये ती कास्पियन समुद्र ओलांडून इराणला गेली, मागोमाग हजारो बायका-मुलं. गडी लढाईला निघाले. बायका-मुलांना कोण ठेवून घेणार? जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी जागा दिली. आणि १९४३मध्ये कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला, पाच हजारांच्या आसपास माणसांची छावणी वसली. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, स्काउटची पथकं. सायबेरियाच्या बर्फातून आलेल्या पोरांनी पंचगंगेच्या काठी पाच पावसाळे काढले. काही तिथेच गेली, कोल्हापुरात त्यांची दफनभूमी आहे.

म्हणून फलकाची जागा अचूक आहे. १८ मे १९४४ला मोंते कासिनोचा मठ घेतला तो पोलिश पलटणींनी, आणि त्यांच्यातल्या कित्येकांची घरची माणसं तेव्हा वळिवड्याला होती. त्याच इटलीच्या मोहिमेत आपली मराठा पलटणही होती. ताम्हिणी उतरून माणगावला गेलं की नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे. १० जुलै १९४४ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. संगमनेरजवळच्या निमजचे नामदेव जाधव यांनी तोच मान सेनिओ नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ला मिळवला. त्याच दिवशी, त्याच नदीवर, शेजारच्या आघाडीला पोलिश सैनिक उतरले होते. माणगावचं स्मारक मी कोकणात जाता-येता पाहिलेलं. त्याचा दुसरा धागा वॉर्सात निघेल असं वाटलं नव्हतं.

उत्तरेकडे माल्बोर्कचा किल्ला आहे, आणि तो बघितल्यावर मला आपल्या गडांबद्दल जरा नम्र व्हावं लागलं. सपाट जमीन, शेजारून नोगात नदी, आणि तिच्या काठी विटांचा डोंगर. ट्यूटॉनिक नाइट या लढाऊ धर्मसंघाने तेराव्या शतकात सुरू केलेला हा किल्ला, एकवीस हेक्टरांवर पसरलेला, क्षेत्रफळाने जगातला सगळ्यात मोठा म्हणतात. दगड जवळपास नाही, तेव्हा चिखल भाजून वीट आणि विटेवर वीट. आपल्याकडे अर्धा गड सह्याद्रीने आधीच बांधून ठेवलेला असतो, आपण तटबंदी तेवढी घालतो. इथे पहिल्या फुटापासून सगळं माणसाचं. आणि तो पडला कसा? १४५७मध्ये संघाकडे भाडोत्री सैनिकांचा पगार द्यायला पैसे नव्हते, पगार थकला म्हणून सैनिकांनी किल्लाच पोलंडच्या राजाला १ लाख ९० हजार फ्लोरिनना विकला. औरंगजेबानेही शेवटच्या वर्षांत आपले बरेच गड तोफांपेक्षा थैल्यांनीच घेतले. १९४५मध्ये माल्बोर्कचा निम्मा भाग उद्ध्वस्त झाला. तोही पुन्हा बांधला आहे, नव्या विटेचा रंग जरासा उजळ.

ग्दान्स्क बंदरावर काळपट लाकडाची पंधराव्या शतकातली यारी आहे. मालाची पिंपं आणि डोलकाठ्या उचलायला तिच्यात मोठमोठी लाकडी चाकं, आणि चाकांच्या आत माणसं चालायची. चालत राहायचं, चाक फिरायचं, ओझं वर जायचं. त्याच शहरातल्या जहाजगोदीत ऑगस्ट १९८०मध्ये लेख वावेन्सा नावाच्या इलेक्ट्रिशियनच्या पुढारीपणाखाली संप झाला, त्यातून सॉलिडॅरिटी निघाली आणि पुढच्या दहा वर्षांत अख्खी व्यवस्था कोसळली. गावही १९४५मध्ये बेचिराख होऊन पुन्हा उभं राहिलेलं आहे. कोपर्निकसचं तोरुन मात्र युद्धातून वाचलं. गाव छोटं, सुंदर, सुंठीच्या केकचा वास सुटलेला. अर्धा दिवस पुरतो. बियालोव्हिएझाच्या जंगलाला आम्ही गेलो, पण रानगवे दिसले ते लांबून आणि पाठमोरे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हे गवे इथल्या रानातून संपले होते, प्राणिसंग्रहालयांतल्या उरल्यासुरल्यांपासून पैदास करून १९५२मध्ये पुन्हा रानात सोडले. इथे जनावरंसुद्धा पुन्हा रचली आहेत.

वेळ कमी असेल त्याने ग्दान्स्क सोडावं, पण व्रोत्सवाफ सोडू नये. तिथे १९१३ साली बांधलेला शताब्दी हॉल आहे, ६५ मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, मध्ये खांब नाही. सेंटरिंग काढायला मजूर तयार होईनात, तेव्हा माक्स बेर्ग या वास्तुविशारदाने स्वतः पुढे होऊन पहिला टेकू काढला, असं सांगतात. खरं असो-नसो, स्लॅबचं सेंटरिंग काढायच्या सकाळी पोटात काय होतं ते मला माहीत आहे. शहरभर पावलागणिक ब्राँझचे वीतभर बुटके आहेत, शेकड्यांनी. १९८०च्या दशकात साम्यवादी सरकारची थट्टा करायला तरुणांनी भिंतींवर बुटके रंगवले होते, त्यांची ही पोरंबाळं.

आणि तिथे राक्लावित्सेच्या लढाईचं चित्र आहे. पंधरा मीटर उंच, ११४ मीटर लांब, गोलाकार दालनात सभोवार लावलेलं, आपण मध्ये उभे. ४ एप्रिल १७९४ला कोश्चुश्कोने, त्याच टेकडीवाल्याने, रशियन तोफांवर शेतकरी सोडले. त्यांच्या हातात गवत कापायचे लांब विळे होते, पाती सरळ करून दांड्याला बसवलेली. त्यांनी तोफा घेतल्या. बारा मावळातल्या माणसाला हे चित्र समजवायला वाटाड्या लागत नाही. रंगवलं गेलं ते १८९३-९४मध्ये, लवूव शहरात. दुसऱ्या महायुद्धानंतर लवूव सोव्हिएत संघाच्या वाट्याला गेलं आणि जर्मनांचं ब्रेस्लाउ पोलंडच्या. जर्मन माणसं हाकलली गेली, लवूवकडची पोलिश माणसं त्यांच्या रिकाम्या घरांत आली आणि ब्रेस्लाउचं व्रोत्सवाफ झालं. हे चित्र १९४६मध्ये गुंडाळी करून त्यांच्यामागून आलं. पण रशियनांचा पराभव दाखवायचा कसा, म्हणून १९८५पर्यंत ते लोकांसमोर टांगलंच नाही.

वळिवड्याच्या बहुतेक पोलिश कुटुंबांचं घर याच गेलेल्या पूर्व भागात होतं. युद्ध संपलं तेव्हा त्यांना परत जायला गावच उरलं नव्हतं. काही पोलंडला आले, बरेच जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे गेले. १९४८मध्ये छावणी रिकामी झाली आणि त्याच बराकींत फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबं राहायला आली. तेच आजचं गांधीनगर, कापडाची मोठी पेठ. आमच्या लग्नाचा बस्ता बायकोच्या माहेरच्यांनी तिथेच काढला होता. व्रोत्सवाफच्या ट्राममध्ये तिने ही गोष्ट लेकीला सांगितली, तेव्हाच्या शालूच्या भावासकट.